दुसरी वही

"'ही प्रणाली वापरल्यामुळे माझ्या कामाची परिणामकारकता वाढते.' हे कोणी लिहिलं?" मामांनी कागद हातभर लांब धरून विचारलं.

"मूळ इंग्रजीत आहे. मराठी मी केलंय," बहीण म्हणाली.

"दिसतंय ते. मग याला काय देऊ?"

"तुम्हाला वाटेल ते द्या. पूर्ण असहमत असाल तर एक, पूर्ण सहमत असाल तर पाच."

"साहेबांना दाखवणार का?"

"मामा, कोणालाच दाखवणार नाही. नाव लिहायची जागासुद्धा ठेवलेली नाही."

"मग चार," असं म्हणून मामांनी पुढच्या सगळ्या ओळींवर एका दमात चारच्या खुणा केल्या आणि कागद परत दिला.

माझी धाकटी बहीण शिरूरला एका महाविद्यालयात व्यवस्थापन शिकवते आणि गेली तीन वर्षं पीएचडी करते आहे. शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या सहकारी संस्था आणि लघुउद्योग संगणक, ॲप, पोर्टल हे सगळं कसं आत्मसात करतात, हा तिचा विषय. प्रबंधाचं शीर्षक याच्या चौपट लांब आहे. मामांची सारी नोकरी भीमा-घोडच्या पट्ट्यातल्या एका साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात, ऊस नोंदणीच्या टेबलावर गेली. आता ते दौंडला राहतात. त्या रविवारी आम्ही शिरूरहून न्हावरे, चौफुला करत दौंडला गेलो. गाडी माझी होती, त्यामुळे श्रोता म्हणून माझी जागा आधीच ठरलेली.

"सगळीकडे चार?" बहीण वैतागली.

"जेवण कसं झालं असं विचारल्यावर पाहुणा जे सांगतो, ते चार. तुझ्या त्या साडेतीनशे कागदांत पाच किती आणि एक किती?"

ती जरा गप्प राहिली. मग म्हणाली, "बहुतेक चारच आहेत. पण त्यावर उपाय असतात. तोच प्रश्न उलटा करून पुन्हा विचारतात. माणूस न वाचता खुणा करत असेल तर पकडला जातो."

"म्हणजे मी पकडला गेलो."

"बाराव्या प्रश्नाला."

इथून खरं भांडण सुरू झालं. बहिणीने आपल्या शास्त्राचा पाया सांगितला. फ्रेड डेव्हिस नावाच्या अमेरिकन संशोधकाने १९८९ साली दाखवलं की, माणूस संगणक वापरेल की नाही, हे मुख्यतः दोन गोष्टींवरून सांगता येतं: संगणक उपयोगी पडेल असं त्याला वाटतं का आणि वापरायला सोपा वाटतो का. या मांडणीला 'टॅम' म्हणतात. पुढे २००३ मध्ये विश्वनाथ वेंकटेश, डेव्हिस आणि दोन सहकाऱ्यांनी तिच्यात भर घातली. आजूबाजूची माणसं काय म्हणतात, हाताशी सोय किती आहे, वय, अनुभव, स्त्री की पुरुष, हे सगळं आलं. शिवाय वापर ऐच्छिक आहे की सक्तीचा, हेही आलं.

"सोपं आणि उपयोगी असेल तर माणूस वापरतो. हे कळायला अमेरिकेला जावं लागलं?" मामा म्हणाले.

"कळायला नाही, मोजायला. त्याआधी यंत्र पडून राहिलं की साहेब म्हणायचे कामगार अडाणी आहेत आणि कामगार म्हणायचे यंत्रच भिकार आहे. कोणाचं खरं, हे तपासायचं साधनच नव्हतं. तुम्ही दोन किस्से सांगाल, मी दोन सांगेन. मग ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं?"

हे मला पटलं. किश्शांवर संस्था चालवण्याचे परिणाम आपल्या तालुक्यांनी भरपूर पाहिलेत. पण याच विद्याशाखेतल्या दोन जाणत्यांनी, बेनबसाट आणि बार्की यांनी, २००७ मध्ये आपल्याच मंडळींना सुनावलं होतं की, सोपं आणि उपयोगी या दोन शब्दांभोवती सगळे इतके गुंतलेत की मुळात ते यंत्र काय आहे आणि माणसं त्याचं नेमकं काय करतात, हे बघायचं राहूनच गेलं. मी हे मध्येच बोललो तर बहिणीने माझ्याकडे असं पाहिलं, की मी परत श्रोता झालो.

मामांनी वेगळीच बाजू काढली. "सक्तीचं म्हणालीस. रांजणगावातल्या वर्कशॉपवाल्याला विचारलंस का?"

विचारलं होतं. रांजणगाव एमआयडीसीत फ्रिज, वॉशिंग मशीन आणि मोटारी बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या आहेत आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी छोटी शेडं शिक्रापूरपासून शिरूरपर्यंत पसरली आहेत. अशाच एका शेडमध्ये मालकाने तिला सांगितलं होतं, "स्वीकार कसला मॅडम? पोर्टलवर चलन चढवलं नाही तर टेम्पो गेटच्या आत जात नाही." त्यात १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्याला ई-इनव्हॉइस बंधनकारक झालं. त्याने अकाउंटचा मुलगा ठेवला, संगणक घेतला, आणि बहिणीच्या प्रश्नावलीत तो 'उच्च स्वीकार' गटात जाऊन बसला.

"मान गेटात अडकवल्यावर बैल सरळ चालतो. त्याला चालायला आवडतं असं लिहिणार का तू?"

"लिहिणार नाही. पण त्याच मालकाने हेही सांगितलं, की पूर्वी बिल निघायला दोन-दोन महिने लागायचे, कागद कुठे अडकलाय हे कळायचं नाही. आता कुठल्या टेबलावर अडकलंय ते दिसतं. सक्तीने आलेली गोष्ट वाईटच असते असं कुठं आहे? शाळेत तरी आपण आपल्या मनाने गेलो होतो का?"

मामा हसले. बोलण्यात सवाई आहे पोरगी, अशा नजरेने माझ्याकडे बघितलं.

मग तिने त्यांच्याच घरातलं उदाहरण काढलं. "सातबाऱ्यासाठी तुम्ही किती चकरा मारल्यात? आता २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळतो, पंधरा रुपयांत, घरबसल्या."

"त्याला पाच. मनापासून," मामा म्हणाले. "पण त्याच खात्याची ई-पीक पाहणी घे. २०२१ च्या पंधरा ऑगस्टला राज्यभर सुरू झाली. पिकाची नोंद तलाठ्याने करायची असायची. आता मी बांधावर उभं राहून रेंज शोधत उसाचा फोटो काढायचा. काम त्याचं होतं, ते माझ्या गळ्यात आलं आणि वर म्हणतात शेतकऱ्याला अधिकार दिला."

"पूर्वी चावडीत बसूनच पिकं लावली जायची, हे तुम्हीच सांगायचात. उसाच्या रानात बाजरी लागायची."

"ते पण खरंय."

स्टेशनाच्या बाजूने भोंगा ऐकू आला. मामांना लगेच दाखला सापडला. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाड्यांना पूर्वी दौंडला इंजिन एका टोकाचं काढून दुसऱ्या टोकाला लावावं लागायचं. कॉर्ड लाइन झाल्यावर काही गाड्या जंक्शनात न शिरता बाहेरूनच निघून जातात. "वेळ वाचला. पण त्या थांब्यावर चहा, भजी विकणाऱ्याचा हिशेब तुझ्या कुठल्या रकान्यात बसतो?" त्यावर बहीण एवढंच म्हणाली, "डब्यात बसलेल्याला विचारा ना, त्याला भजी हवी होती की घर." हा मुद्दा तिथेच मिटला.

मिटला नाही तो उसाचा.

तिने एव्हरेट रॉजर्सची गोष्ट सांगितली. १९६२ मध्ये नवकल्पना समाजात कशा पसरतात, यावर त्याने मोठं पुस्तक लिहिलं. तो आयोवातल्या शेतकऱ्याचा मुलगा. वडिलांना नवनवी अवजारं आवडायची, पण संकरित मका काही वर्षं त्यांनी घेतला नाही. १९३६ च्या दुष्काळात शेजाऱ्याचा संकरित मका उभा राहिला आणि यांचा वाळून गेला. आयोवातल्या याच मक्यावर रायन आणि ग्रॉस यांनी १९४३ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास हे या साऱ्या शास्त्राचं मूळ मानलं जातं.

मामा सरसावून बसले. "म्हणजे हे सगळं शेतकऱ्यावरच सुरू झालंय! मग ८६०३२ चं बघ. ही उसाची जात आली तेव्हा कोणी प्रश्नावली नेली नव्हती. एकाने चार गुंठे लावली, शेजाऱ्याने बांधावरून पाहिली, जाडी बघितली, उतारा विचारला, पुढच्या साली बेणं नेलं. संगणकाचं तसं होतं का? चार गुंठ्यांवर लावून बघता येतो का तो? साहेब एक दिवस सांगतात, सोमवारपासून सगळं यावर."

हे रॉजर्सच्या पुस्तकातच आहे, हे बहिणीने कबूल केलं. आधी थोडक्यात करून बघता येणं आणि दुसऱ्याचं डोळ्यांनी बघता येणं, हे नवं पसरण्याचे दोन मोठे आधार. संस्थेत येणाऱ्या संगणक प्रणालीला बहुधा दोन्ही नसतात.

तेवढ्यात तिने प्रश्न टाकला, जो मला वाटतं ती वर्षभर पोटात ठेवून होती. "मामा, नोंदणीच्या वहीत तुम्ही तारखा बदलायचात?"

ज्यांनी कारखान्याचा हंगाम पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी सांगतो. शेतकऱ्याने ऊस लावला की कारखान्याकडे त्याची नोंद होते. गट नंबर, क्षेत्र, जात आणि लागणीची तारीख. तोडणीची क्रमपाळी या तारखेवर ठरते. ज्याचा ऊस आधी लागला त्याला टोळी आधी. ऊस वेळेत तुटला तर वजन भरतं आणि रान मोकळं होतं. तो मार्च-एप्रिलपर्यंत उभा राहिला तर उन्हाने वजन घटतं, पाणी संपतं, आणि खोडवाही धड येत नाही. म्हणून त्या वहीतल्या एका तारखेला हजारो रुपयांची किंमत.

मामा जरा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "बदलायचो. आठ दिवस, कधी पंधरा दिवस मागं घ्यायची. वरून फोन यायचा. कोणाचा ते विचारू नको. पण दोनदा माझ्या मनानेही केलंय. एक बाई होती, नवरा वारलेला, विहीर आटलेली. तिची पाळी फेब्रुवारीच्या शेवटी. ऊस राहिला नसता. मी तारीख मागं घेतली, तिच्या रानात जानेवारीत टोळी गेली. तुझ्या संगणकाने केलं असतं?"

"नसतं केलं. पण तिचा ऊस पुढं आला म्हणून कोणाचा मागं गेला?"

"कोणाचा तरी गेलाच असणार."

"कोणाचा?"

"ते वहीत दिसत नाही."

मामांनी इतक्या वर्षांत ही गोष्ट आम्हाला सांगितली होती ती फक्त बाईपर्यंतच. मागे गेलेला माणूस त्या दिवशी पहिल्यांदा खोलीत आला. बहीण इथे जिंकली असं मी मनातल्या मनात लिहूनही टाकलं होतं.

"आता काय होतं सांगते," ती पुढे म्हणाली. "कारखान्याचा माणूस रानात उभा राहून मोबाइलवर नोंद करतो. जागा आणि तारीख आपोआप पडते. तुमच्यासारखं पेनाने मागं घेता येत नाही."

"अजिबातच बदलत नाही?"

"चूक दुरुस्त करायला सोय असते. वरच्या अधिकाऱ्याच्या लॉगिनमधून."

"म्हणजे पेन माझ्या हातात होतं, ते वरच्या मजल्यावर गेलं."

"पण तिथं खूण राहते. कोणी बदललं, कधी बदललं, सगळं साठतं."

"ते सभासदाला दिसतं का?"

"...नाही."

"मग माझी वही बरी. खाडाखोड तरी दिसायची."

बराच वेळ कोणी बोललं नाही. मला वारणेचा प्रयोग आठवला आणि तो मी सांगितला. कारण या सगळ्या वादावर महाराष्ट्रातला सगळ्यात जवळचा, आणि नीट अभ्यासलेला, दाखला तोच आहे. वारणानगरच्या सहकारी साखर पट्ट्यात १९९८ मध्ये सत्तर गावं संगणकाने जोडायची योजना आली. कोल्हापूर-सांगलीकडच्या गावांत संगणक केंद्रं बसली. शेतकऱ्याला बाजारभाव, शेतीचा सल्ला, जगाची माहिती मिळेल असं स्वप्न होतं. काही वर्षांनी बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधले राजेश वीरराघवन, नागा यशोधर आणि केंटारो टोयामा पाहायला गेले, तेव्हा ती केंद्रं मुख्यतः एका कामाला लागलेली दिसली: उसाचं वजन, खत, हिशेब. बाकी स्वप्न धूळ खात होतं. मग त्यांनी विचार केला की एवढंच हवं असेल तर संगणक कशाला? त्यांनी काही गावांत साध्या मोबाइलच्या एसएमएसवर तीच माहिती देऊन पाहिली. २००७ मध्ये त्यांचा निबंध आला. शेतकऱ्यांना ते आवडलं, खर्चही वाचत होता.

"मग सगळीकडे झालं असेल," मामा म्हणाले.

"नाही. टोयामांनी पुढे लिहिलंय की संस्थेच्या अंतर्गत राजकारणामुळे प्रयोग त्या थोड्या गावांपलीकडे गेला नाही," बहीण म्हणाली. हे तिच्या प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात आहे. याच टोयामांनी २०१५ मध्ये एक पुस्तक लिहून सांगितलं की तंत्रज्ञान संस्थेत जे आधीपासून आहे तेच मोठं करतं. चांगली नियत असेल तर ती मोठी होते, नसेल तर तेही मोठं होतं.

"लाउडस्पीकर," मामा म्हणाले. मला ही उपमा टोयामांपेक्षा आवडली.

बहिणीने मात्र तेवढ्यावर सोडलं नाही. राजकारणाकडे बोट दाखवून हात झटकणं तिला मंजूर नव्हतं. तिने अहमदाबादची कॅलिको मिल काढली. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे स्वयंचलित माग बसले आणि उत्पादन वाढेना. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस १९५३ मध्ये आले. त्यांना दिसलं की २२४ मागांवरची माणसं डझनभर वेगवेगळ्या कामांत वाटलेली आहेत आणि कोणता माग कोणाचा, हे कोणालाच ठाऊक नाही. छोटे गट करून प्रत्येक गटाला ठराविक माग द्यावेत, अशी कल्पना निघाली. ती कामगारांनी इतकी उचलून धरली, की गट त्यांनी स्वतःच ठरवले. उत्पादन वाढलं, खराब कापड कमी झालं. माग होते तेच होते.

"यंत्राभोवतीचं काम बदललं म्हणून यंत्र चाललं. हे कोणी शोधलं? संशोधकानेच ना, मामा? तिथं जाऊन, बसून."

"बसून," मामांनी तो शब्द उचलला. "कागद वाटून नाही."

मग ती एका विकास सोसायटीबद्दल बोलली. नाव मी घालत नाही. केंद्र सरकारने २९ जून २०२२ ला देशातल्या ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्था संगणकीकृत करण्यासाठी २,५१६ कोटींची योजना मंजूर केली. त्यातून आपल्याकडच्या गावोगावच्या सोसायट्यांतही संगणक आले. या सोसायटीत टेबलावर संगणक होता, प्रिंटर होता, आणि खणात लाल कापडी बांधणीची खतावणी होती, कालपर्यंत भरलेली. गटसचिवाने सगळी कर्जवाटपं संगणकावर चढवली होती आणि तीच वहीतही लिहिली होती. बहिणीने विचारलं तर तो म्हणाला, "संगणक तपासणीला, वही मला." प्रश्नावलीत त्याने सगळीकडे चार दिले होते.

"हे तुझ्या प्रबंधात कुठल्या पानावर आहे?" मामांनी विचारलं.

"नाहीये. असा प्रश्नच नव्हता."

"तेच तर. माणूस संगणक वापरतो का, हे कशाला विचारतेस? दुसरी वही बंद झाली का, एवढं विचार. वही बंद झाली तर बदल झाला. चालू असेल तर कामात काम वाढलं, दुसरं काही नाही."

बहिणीचं म्हणणं होतं की हे जरा घाईचं आहे. बँकांत संगणक आले तेव्हाही हाताचे खाते-उतारे बराच काळ जोडीने चालले. नवीन व्यवस्थेवर विश्वास बसेपर्यंत दोन्ही चालवणं हा शहाणपणाचा भाग असतो. वही म्हणजे अविश्वासच असं नाही, ती सवय असू शकते, ऑडिटरची मागणी असू शकते, लाइटीची खात्री नसणं असू शकतं. माझं मत विचाराल तर इथे ती बरोबर आहे आणि मामाही बरोबर आहेत. वही का चालू आहे याची पाच कारणं असतील, पण त्या पाचांपैकी कुठलंही कारण 'चार' या आकड्यात मावत नाही.

मामी तेवढा वेळ स्वयंपाकघरात होत्या असं आम्हाला वाटत होतं. त्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या. चहाचे कप उचलताना म्हणाल्या, "वही म्हणजे वहीच पाहिजे असं नाही काही."

त्यांच्या स्वयंपाकघरात फ्रिजच्या बाजूला कालनिर्णय टांगलेलं आहे. प्रत्येक तारखेच्या चौकटीत पेन्सिलीने दोन ओळी, सकाळ आणि संध्याकाळ: लिटर आणि फॅट. दोन गाई आहेत. दूध संकलन केंद्रावर काटा इलेक्ट्रॉनिक, फॅट मशीनवर, आणि घातल्या घातल्या मोबाइलवर मेसेज येतो. दहा दिवसांचं बिल थेट खात्यावर.

"मामी, मेसेज येतो ना? मग हे कशाला?" बहिणीने विचारलं.

"मेसेज त्यांचा. कॅलेंडर माझं."

"कधी फरक पडला?"

"तीन वर्षांत दोनदा. लाइट गेली होती, मेसेज आलाच नाही, बिलात ती वेळ धरली नाही. कॅलेंडर फाडून नेलं, दाखवलं. पैसे दिले त्यांनी मुकाट्याने." मग जरा थांबून म्हणाल्या, "मशीन चांगलंय हो. पूर्वी मापाडी माप तिरकं धरायचा. मशीन तसं करत नाही. याला मी पाचच देईन. पण कॅलेंडर काढणार नाही."

बहिणीने मोबाइलवर त्या पानाचा फोटो काढला. परतताना चौफुल्यापर्यंत ती काही बोलली नाही. न्हावऱ्याला चहाला थांबलो तेव्हा वही काढून काहीतरी लिहीत बसली.

आता तिच्या प्रश्नावलीत एक प्रश्न वाढला आहे. चोविसावा. 'या कामाची नोंद तुम्ही आणखी कुठे ठेवता? का?' त्यापुढे एक ते पाच आकडे नाहीत, पाच ओळी रिकाम्या सोडल्या आहेत. मार्गदर्शकांनी तो काढायला सांगितला, कारण त्याचं उत्तर मोजता येत नाही. तिने ठेवला आहे. शिरूर किंवा दौंडात तो कागद तुमच्या टेबलावर आला, तर त्या प्रश्नाला तरी कृपा करून चार लिहू नका.